घसरलेलं बोट

श्रीवर्धनला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते ते काका वादळाला घाबरत नसत. वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या त्या दिवशीही ते म्हणे ओटीवर बसून चहा पीत होते. पण लॅपटॉपच्या कोपऱ्यात 'नवी आवृत्ती आली आहे' अशी चौकट उघडली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. अंगणात येऊन, माडीकडे मान वर करून ओरडायचे, "बाय, खाली ये गो! परत आली ती पाटी. मी कायपन दाबलेलं न्हाय, आधीच सांगून ठेवतो."

मी खाली जाऊन 'नंतर' या शब्दावर टिचकी मारायचे. पाटी जायची. काका पंच्याने मान पुसत विचारायचे, "नंतर म्हंजे कधी?" ते मलाही ठाऊक नसायचं. मग आम्ही दोघं काही वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभे राहायचो.

या भीतीचं कारण आतल्या खोलीत, खिडकीशी, खाटेवर होतं. मी तिथे राहायला गेले त्याच्या आधीच काकूंच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू पार गेली, डावीही बरीचशी गेली, वाचा गेली, मान धरेना. कळायचं मात्र सगळं. शेजारीण खोटं बोलायला लागली की काकूंच्या नजरेत ते दिसायचं. डॉक्टरांनी पापणीची खूण सुचवली होती, एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. पण काकूंच्या एका डोळ्याला सारखं पाणी यायचं, आणि काका इतके उतावीळ की पहिल्या मिटण्यालाच "व्हय म्हनाली" म्हणून उठायचे. दुसऱ्यांदा पापणी मिटेपर्यंत ते स्वयंपाकघरात पोचलेले असत. तो प्रकार लवकरच बारगळला.

डाव्या हाताची दोन बोटं तेवढी काकूंच्या कह्यात होती. पनवेलला असलेल्या मुलीने मग आपला जुना लॅपटॉप आणि त्याला जोडायचा एक सुटा ट्रॅकपॅड आणून दिला. ट्रॅकपॅड म्हणजे हातरुमालाएवढी गुळगुळीत काच. आपण तिच्यावर बोट फिरवतो आणि पडद्यावरचं पान वरखाली होतं. पण एक सॉफ्टवेअर असं मिळालं की काचेवर बोटांनी कुठली खूण केली की काय व्हावं, हे आपलं आपण ठरवायचं. मुलीने आणि काकांनी मिळून ठरवलं. दोन्ही बोटं एकदा टेकली की लॅपटॉप बोलणार 'पाणी'. दोनदा टेकली की 'दुखतंय'. बोटं वर सरकली की 'उशी', खाली सरकली की 'कूस बदला'. एकच बोट दाबून धरलं की 'अहो'.

बोलणार कोणाच्या आवाजात, यावर बराच खल झाला. लॅपटॉपमधला तयार आवाज काकांना पटला नाही. "ही बाई बँकेतली वाटते," म्हणाले. मुलगी आपला आवाज भरायला बसली आणि 'दुखतंय'पाशी रडायला लागली. राहता राहिले मी. मी काकूंचा आवाज कधी ऐकलेला नव्हता, त्यामुळे काका शिकवतील तसं म्हणायचं ठरलं. मी 'पाणी' म्हटलं. काकांनी मान हलवली. "ती पाणी न्हाय म्हनायची. पानी म्हन." मी 'पानी' म्हटलं. 'अहो'ला मात्र घोडं अडलं. मी तोवर घरात कुणाला अहो म्हटलं नव्हतं. माझं 'अहो' वाण्याच्या दुकानातल्या गर्दीत हाक मारावी तसं यायचं. काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तसं न्हाय गो. जरा... घरातलं." त्यांचे कान लाल झाले होते. मी डोळे मिटून एकदाचं म्हणून टाकलं आणि पळत माडीवर गेले.

त्याचा परिणाम असा झाला की मी माडीवर बसून काम करत असताना खालून माझाच आवाज यायचा. दुखतंय. दुखतंय. आपल्याच आवाजात आपण खाली कुठेतरी कण्हतोय आणि इथे वर मजेत बसलोय, असं वाटून अंगावर काटा यायचा. या गोष्टीची मला कधीच सवय झाली नाही.

काका निवृत्त होईपर्यंत दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर होते. काम तिकिटं फाडण्याचं, पण बोट सुटली की ते प्रत्येक गाडीच्या खिडकीत डोकं घालून विचारायचे, "हँडब्रेक ओढलाव काय?" ओढलाय म्हटलं तरी समाधान नाही, "परत एकदा ओढा." अख्ख्या नोकरीत एकही गाडी खाडीत गेली नाही याचं श्रेय ते इंजिनाला, बोट चालवणाऱ्या सारंगाला किंवा देवाला देत नसत. "मी सांगून ठेवायचो ना," एवढंच म्हणायचे. एसटीच्या कंडक्टरला, भाजीवालीला, डॉक्टरला, कोणालाही सूचना केल्याशिवाय ते पुढे जात नसत. देवळातली घंटा अंमळ खाली बांधावी, ही त्यांची सूचना गावाने कंटाळून मान्य केली होती. आता ती उंच माणसांच्या कपाळाला लागते.

तेव्हा ज्या सॉफ्टवेअरवर बायकोचं पाणी अवलंबून, त्याला ते मोकळं सोडणं शक्यच नव्हतं. सॉफ्टवेअरमध्येच 'सुधारणा सुचवा' असं एक बटण होतं. कोणीतरी वाट बघत बसलंय अशा थाटात काका त्या बटणाकडे वळायचे. थंडीत बोटं गार पडतात, काचेला ती कळत नाहीत, तरी गार बोटांची वेगळी सोय करावी. म्हातारं बोट सावकाश सरकतं, त्याला वेळ द्यावा. नवी आवृत्ती आणण्याआधी घरात दुखणाईत माणूस आहे का, हे विचारावं. लाईट गेल्यावर सॉफ्टवेअरने ओरडावं. (लाईट गेल्यावर ते ओरडणार कसं, हे मी विचारलं. "त्ये त्यांनी बगायचं," म्हणाले.) प्रत्येक सूचनेच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा'.

मला हसू यायचं. माझी नोकरीच एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना घरबसल्या उत्तरं देण्याची. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, ती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' तो संबंधित विभाग कुठे असतो हे मला पुरेपूर माहीत होतं. पण काका पाठवून झाल्यावर लॅपटॉपपाशी तसेच बसून राहायचे, उत्तर आत्ताच येईल म्हणून, आणि मग माझं हसू टिकायचं नाही.

सुरुवातीच्या सूचना त्यांनी मला न विचारता पाठवल्या होत्या. मोबाइलसमोर मराठीत बोलायचं, मोबाइलने त्याचं इंग्रजी करायचं, काकांनी ते आंधळेपणाने पाठवायचं. आणि एक दिवस खरोखरच उत्तर आलं. काका ते घेऊन रागारागाने माडीवर आले. "बंदर खात्याकडे जा म्हनतो मला! जलमभर मी कुठं होतो?"

मी त्यांनी काय पाठवलं होतं ते उघडलं. काका बोलले होते, 'माझ्या पत्नीचं बोट घसरतं. दोन बोटं एकत्र राहत नाहीत. एक बोट कायम थरथरतं.' बोट म्हणजे हाताचं की पाण्यातलं, हे मोबाइलला कोण सांगणार? त्याने आपल्या अकलेने सगळी बोटं समुद्रात लोटली होती. पलीकडच्या माणसाला कळलं ते असं, की या गृहस्थांच्या पत्नीच्या मालकीच्या दोन बोटी आहेत, त्या एकत्र राहत नाहीत, पैकी एक सारखी थरथरते. त्याने फार सौजन्याने लिहिलं होतं की तुमच्या पत्नीच्या बोटींबद्दल वाईट वाटलं, पण माझं सॉफ्टवेअर जहाजांसाठी नाही, आपण जवळच्या बंदरात चौकशी करावी.

मी खाटेपाशी बसून हे काकूंना वाचून दाखवलं. त्यांच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघाला आणि खांदा हलला. काका घाबरले, "काय होतंय तिला?" मी म्हटलं, "हसतायत." काकांनी वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतः हसले आणि लगेच, जास्त हसून त्रास होईल म्हणून, त्यांनी मला ते वाचणं बंद करायला लावलं.

त्यानंतर सूचनांचं इंग्रजी मी करायला लागले. सॉफ्टवेअर बनवणारा तो एकटाच माणूस होता, कुठल्यातरी बर्फाच्या देशात. काका त्याला 'थंडीवाला' म्हणायचे. बोटींचा घोटाळा कळल्यावर त्याने माफी मागितली, काकूंची चौकशी केली, आणि सगळ्यात मोठी अडचण कुठली, असं विचारलं. काकांना एवढंच हवं होतं. ते म्हणाले, "घसरन्याचं सांग त्याला."

घसरणं म्हणजे काय, तर काकूंची दोन्ही बोटं मधूनच काचेवर डावीकडे, बाहेरच्या अंगाला सरकायची. त्या खुणेला कुठलाच शब्द लावलेला नव्हता, पण सॉफ्टवेअर तिला 'मागे जा' समजायचं आणि पडदा भलतीकडेच जायचा. मग काकांची तारांबळ. चष्मा, माऊस, "बाय, खाली ये गो". थंडीवाल्याला मी लिहिलं की बोट चुकून घसरलं तर ते धरू नये, अशी सोय करता येईल का? त्याने लिहिलं, करतो. काही दिवसांनी खरंच एक चाचणीची आवृत्ती आली. तिच्यात नवा खटका होता, 'घसरलेलं बोट सोडून द्या'.

काकांची सूचना जगात कोणीतरी मानली होती. त्यांनी पाखाडीतल्या घराघरात सांगितलं. मुलीला फोन करून सांगितलं. भाजीवालीलाही सांगितलं, तिला ट्रॅकपॅड म्हणजे काय हे आधी समजावून. खटका चालू केल्यावर पडदा जागचा हलेना हे पाहून ते त्या दिवशी दुपारी चक्क झोपले. दुपारी झोपलेले ते मी पहिल्यांदा पाहिले.

आणि मग काकूंनी काचेवरचा हात काढला.

आधी वाटलं दमल्या असतील. काका हात उचलून परत काचेवर ठेवायचे, तो हळूहळू चादरीवर उतरायचा. पाणी नाही, उशी नाही, अहो नाही. खालून माझा आवाज यायचा थांबला. ज्या आवाजाने मी दचकायचे, त्याची आता मी कान देऊन वाट बघायला लागले. काका तर दर थोड्या वेळाने काकूंच्या नाकापाशी हात नेऊन श्वास बघायचे. गाडी करून माणगावहून डॉक्टर आणले. त्यांनी तपासलं, बोटं हलवून घेतली, म्हणाले, हातात फरक नाही, आहे तेवढी ताकद आहे, मन खचलं असेल. "मन खचलं म्हंजे काय करायचं?" काकांनी विचारलं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं.

काकांनी त्याच संध्याकाळी पनवेलला फोन केला. तिथे जायचं त्यांच्या मनात बरेच दिवस घोळत होतं. तिथे दवाखाना जवळ, लाईट जात नाही, मुलगी आहे. रोज पेज भरवताना ते काकूंना विचारायचे, "जाऊया ना पनवेलला? बरं पडंल तुला." आणि पापणी मिटली की स्वतःच म्हणायचे, "व्हय, जाऊ." आता त्यांनी थेट पत्र्याची ट्रंक खाली काढली. वाडी दुसऱ्याला करायला द्यायची, घराला कुलूप. मला म्हणाले, "तूबी दुसरी खोली बग, बाय. मला एकट्याला हे झेपायचं न्हाय. हिला कायतरी झालं आनि मला समजलंच न्हाय तर?" बोलताना ते काकूंची लुगडी ट्रंकेत भरत होते आणि काकू खाटेवरून त्याकडे बघत होत्या.

निरोप घ्यायचा म्हणून मी थंडीवाल्याला लिहायला बसले. त्याचं पत्र आधीच येऊन पडलं होतं. घसरणं थांबलं का? आणि आधी ते नेमकं कधी व्हायचं? हा दुसरा प्रश्न मी रोज शंभर लोकांना विचारते, न वाचता चिकटवते. सवयीने मी तो काकांकडे सरकवला. "काका, बोट आधी कधी घसरायचं?"

"कवाबी."

"असं नाही. आठवून सांगा."

काका लुगड्याची घडी हातात धरून विचार करायला लागले. "पेज आनली की घसरायचं. रेडिओ लावू काय म्हटलं की घसरायचं. ती शेजारीण आली, बसू दे काय विचारलं, तवा घसरलं. पनवेलचं काडलं की तर हमखास." मग त्यांनाच नवल वाटलं. "म्हंजे मी कायतरी इचारलं की घसरायचं बग. माझ्याच आवाजाचा तिला त्रास होतो काय गो?"

मी मनातल्या मनात काचेवरचे शब्द मोजले. पाणी होतं, दुखतंय होतं, उशी होती, कूस होती, अहो होतं. बापलेकींनी बसून काकूंना काय काय लागेल ते सगळं आठवून काचेवर मांडलं होतं, मी ते माझ्या तोंडाने भरलं होतं, आणि 'नको' आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. ताट बाजूला सारावं तशी त्या आपली दोन बोटं बाहेर सारत होत्या. ते सारणंही आम्ही बर्फाच्या देशातल्या माणसाला सांगून बंद करून घेतलं.

मी खाटेपाशी गेले. त्यांचा हात उचलून काचेवर ठेवला. म्हटलं, "काकू, ते बोट घसरायचं ते तुम्ही मुद्दाम करायचात का? नको म्हणून? तसं असेल तर 'पाणी' म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही बोटं उचलली आणि टेकवली. पानी, लॅपटॉप म्हणाला.

"मागितलं! पानी मागितलं!" काका लुगडं टाकून स्वयंपाकघराकडे धावले. भांड्यांचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं. मी आणि काकू एकमेकींकडे बघत होतो. मला रडू येत होतं आणि काकूंचा खांदा हलत होता.

पेला घेऊन आले तेव्हा मी काकांना सांगितलं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा ते पेल्यासकट खाटेच्या कडेवर बसले. "म्हंजे इतके दिवस..." एवढंच म्हणाले. मी तो नवा खटका बंद केला, डावीकडच्या खुणेला शब्द जोडायची जागा उघडली आणि 'नको' भरायला बसले. काका या वेळी काही शिकवायला आले नाहीत. मीच विचारलं, "कसं म्हणायच्या?"

"तिचं नको एकदम साधं असायचं," काका म्हणाले. "एकदाच म्हनायची. परत इचारायची कुनाची टाप नव्हती."

मी साधं म्हटलं. ट्रॅकपॅड परत काकूंच्या हाताखाली ठेवला. काकांनी पेला स्टुलावर ठेवला, पंच्याने तोंड पुसलं आणि परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले.

"पेज आनू?"

बोटं डावीकडे सरकली. नको.

काका दचकले. मग म्हणाले, "रेडिओ?"

नको.

"ती भजनं सकाळची? मी लावतो ती? तुला आवडतात म्हनून लावतो मी."

नको. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

"शेजारीन?" हे त्यांनी खिडकीकडे बघून, आवाज खाली आणून विचारलं. नको आलं ते त्यांचं वाक्य संपायच्या आत.

मग ते थांबले. उघड्या ट्रंकेकडे पाहिलं. "पनवेल?" म्हणाले, आणि उत्तर यायच्या आधीच घाईघाईने सांगायला लागले, की तिथे दवाखाना आहे, मी म्हातारा झालोय, मला उचलवत नाही, एखाद्या दिवशी मीच पडलो तर तू हाक तरी कुणाला मारणार. "मला भ्या वाटतं गो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे असं सरळ मी तेव्हाच ऐकलं. काकूंनी त्यांचं सगळं बोलणं संपू दिलं. मग बोटं सरकली, सावकाश, काचेच्या पार कडेपर्यंत.

नको.

काका मान खाली घालून बसले. ट्रंकेच्या काठावर लुगड्याचा पदर लोंबत होता, तो त्यांनी उगाचच आत सारला, परत बाहेर काढला. त्यांना राग आलाय की सुटल्यासारखं वाटतंय ते मला कळेना. जरा वेळाने ते हसले, पण ते हसणं नीट आलं नाही.

"सगळंच नको," म्हणाले. "मंग मी? मी पन नको काय तुला?"

लॅपटॉपमधून आवाज आला नाही.

काका थांबले. पडद्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. मग त्यांचा चेहरा उतरला. खाली वाकून त्यांनी वायर चाचपली, बटणाला हात लावायचा धीर होईना म्हणून नुसतंच बोट दाखवून मला म्हणाले, "बाय, बग गो जरा. बंद पडलं काय?"

मी पाहिलं. दिवा लागलेला होता. काकूंची दोन्ही बोटं काचेवर होती, अलगद ठेवलेली, आणि त्या ती हलवत नव्हत्या.

"चालू आहे, काका," मी म्हटलं.